शॅननची बाटली

"ही कशी वाटते? झाकण लावलं की आतलं काय दिसत न्हाय," वॉल्टर म्हणाला, आणि आयडाच्या मनात पाल चुकचुकली.

केबिन रोडवरच्या भांड्यांच्या दुकानात तिघं उभी होती. शाळेने प्लास्टिकच्या बाटल्या बंद केल्या होत्या. नात शॅनन जूनपासून तिसरीत जाणार, तिला स्टीलची बाटली हवी होती. काम एवढंच. पण उत्तनहून भाईंदरला जायचं म्हटलं की गुडघा धरून बसणारा हा माणूस आज सगळ्यांच्या आधी शर्ट घालून ओट्यावर हजर होता. "बाटली मी निवडणार," म्हणाला. साऱ्या संसारात त्याने कधी एक चमचा निवडला नव्हता.

"शॅनन, इकडे ये. बाटली कशी बघायची ते शिकवतो."

आयुष्यभर बोटींची इंजिनं दुरुस्त केलेल्या बोटांनी त्याने झाकण फिरवलं. "आधी नाक घाल. वास येतो? न्हाय ना? आता बोट फिरव. कुठे खरखरतं का बघ. आणि हे रबर. हे नीट बसलं की उलटी धरली तरी थेंब गळणार न्हाय."

शॅननने नाक घातलं, बोट फिरवलं, मान डोलावली. आयडा ऐकत होती. वास नको, गळायला नको.

"और आवाज?" वॉल्टरने दुकानदाराला विचारलं. "आधा भरा तो आवाज करता है क्या?"

दुकानदार हसला. "अंकल, इतने साल से बेच रहा हूँ. बाटली का आवाज किसी ने नहीं पूछा."

"ठंडा कितना टाइम रहेगा?"

"पूरा दिन. बर्फ डालो तो बर्फ भी रहेगा."

"बर्फ," वॉल्टर स्वतःशीच म्हणाला. त्याची जीभ ओठांवरून फिरली.

आयडाला ती जीभ दिसली.

ईस्टरच्या आधी त्याला धाप लागली होती. पाय सुजून चपलेत मावेनात. मिरा रोडच्या इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या तोंडावर सांगितलं, "काका, पिणं आवरा. पुढच्या वेळी इथवर पोचायचे नाहीत." घरी आल्यावर वॉल्टरने क्रुसासमोर उभं राहून शपथ घेतली. ती आठवडाभर टिकली. मग जाळ्यांच्या ढिगाखाली भरलेली बाटली सापडली. तेव्हापासून फ्रिजला कुलूप होतं आणि तो न्हाणीत गेला की आयडा दाराबाहेर उभी राहायची. शेजारच्या मॅक्सवेलला तर तिने घरी जाऊन बजावलं होतं, "माझ्या नवऱ्याला पाजू नको."

"एका ग्लासाने काय होतंय गं?" मॅक्सवेल म्हणाला होता.

"एकेका ग्लासानेच झालंय हे."

आता तिने फळीवरून गुलाबी झाकणाची छोटी बाटली काढली. "पोरीला ही बस झाली."

"दुपारच्या आत संपेल. पोर कासावीस होईल," वॉल्टर एकदम चढ्या आवाजात म्हणाला.

"शाळेत नळ हाय."

"नळावर रांग असते."

शॅननने मोठी बाटली दोन्ही हातांनी उचलून पाहिली. "ग्रँपा, ही माझ्या दप्तराहून जड आहे!"

"सवय होते, बाळा."

आयडा त्याच्या जवळ सरकली. "खरं सांग. पोरीसाठीच घेतोस ना?"

"मग काय माझ्यासाठी?" असं म्हणताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही. "पॅक करो, भाई. बड़ावाला."

परतीच्या बसमध्ये पिशवी त्याने मांडीवरच ठेवली. शॅननने मागितली तरी दिली नाही.

घरी आल्यावर म्हणाला, "शाळा सुरू व्हायच्या आधी तपासून बघतो. नवी वस्तू, भरवसा कसला?"

दुपारी जेवणं झाली. शॅनन झोपली. आयडा तिच्याशेजारी डोळे मिटून पडून राहिली. थोड्या वेळाने मागच्या दाराची कडी हलकेच निघाली. तिने खिडकीतून पाहिलं. वॉल्टर मॅक्सवेलच्या कुंपणापाशी उभा होता. कुंपणावरून एक हात आला आणि शॅननची नवी बाटली भरून देऊन परत गेला. वॉल्टरने ती शर्टाखाली घातली आणि बोंबील वाळत घालायच्या बांबूंआड जाऊन बसला.

आयडा अनवाणीच निघाली.

"काय करतोस?"

तो दचकला. हनुवटीवरून ओघळ शर्टावर उतरला होता. "काय न्हाय. गळते का बघतोय."

"तोंड लावून?"

तिने बाटली हिसकावली. आतला बर्फ खळकन वाजला. तिने नाक लावून पाहिलं नाही. तिला त्याची गरज नव्हती.

"एक घोट दे, आयडा. घशात नुसता विस्तव हाय. तुला न्हाय कळायचं."

"मला न्हाय कळायचं? तू झोपलास की तुझ्या श्वासाकडे कान लावून कोण बसतं? शॅननला काय सांगू मी? तिच्याच बाटलीने ग्रँपा गेला म्हणून सांगू?"

आयडाने बाटली उपडी केली. सगळं मातीत जिरलं, बर्फाचे तुकडे तेवढे वर राहिले. वॉल्टरचा हात त्यांच्याकडे सरकला. तिने तो धरला आणि त्याच्या शेजारी खाली बसली.

"डायलिसिस परवा हाय, वॉल्टर, तोवर सगळं अंगातच साठणार," ती म्हणाली, "नि तू अर्धी बाटली पाणी प्यायलास?"