तिसरा हात

सिनेमा संपला की टीव्ही बंद करायचा आणि काळ्या काचेत बघत बोटं वर करायची, हा नणंद-भावजयीचा जुना नियम. जितकी भीती वाटली तितकी बोटं, पाचपैकी. दोघींनी एकदमच वर करायची, म्हणजे कॉपी होत नाही.

वहिनी घरीच शिवणकाम करायची. हल्ली तिला कशाचीच भीती वाटत नव्हती आणि त्यामुळेच ती वैतागली होती. भुतं झाली, परग्रहावरच्या मालिका झाल्या, पण एका बोटाच्या वर गाडी जाईना. नणंद मात्र भित्री भागूबाई. आज भरदुपारी पडदे ओढून सिनेमा लावला, तेव्हा तिने वहिनीचा डावा हात जो घट्ट धरला, तो सोडलाच नाही.

टीव्ही बंद झाला. वहिनीने एक बोट वर केलं. काचेत नणंदेची चार बोटं दिसली. आणि दोघींच्या मधोमध, सोफ्याच्या पाठीवरून वर आलेला आणखी एक हात. मूठ मिटलेली.

वहिनीला हसू आलं. "आता दोन्ही हातांनी गुण देतेस होय गं?"

"वहिनी," काचेवरची नजर न काढता नणंद कुजबुजली, "माझा दुसरा हात तुझ्या हातात आहे."

वहिनीने तो दाबून पाहिला. होता, घामाने ओला झालेला. आणि सोफा तर भिंतीला चिकटून होता.

वहिनीची पाचही बोटं आपोआप उघडली.

काचेतल्या मुठीतलं एक बोट हळूच वर आलं आणि पुन्हा मिटलं. दोघींकडे बघत, किती बोटं वर करायची ते तो हात अजून ठरवत होता.