बारशाचा वरवंटा

सातव्या महिन्यातच झालेलं माझं बाळ अंबरनाथच्या हॉस्पिटलात होतं. तरी कात्रपच्या घरी सासूबाईंनी बाराव्या दिवशी बारसं केलंच. पाळण्यात बाळाऐवजी झबलं घातलेला वरवंटा. मी बाळाजवळ बसून व्हिडिओ कॉलवर बघत होते.

बाळाच्या नाकातल्या नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत होतं. त्यात बुडबुडे येताहेत तोवर काळजी नाही, असं सिस्टर म्हणाल्या होत्या.

नणंदेने वरवंट्याजवळ वाकून नाव सांगितलं, “यज्ञेश.”

बुडबुडे थांबले.

सिस्टर धावल्या. नळी जागेवरच होती, बाळाचे ओठही मिटलेले; हवा निसटायला कुठे जागाच नव्हती.

“वहिनी, बघ ना!” नणंदेने मोबाइल पाळण्याजवळ नेला. झबलं वर-खाली होत होतं.

सासूबाई म्हणाल्या, “उमा, आता तिकडचं राहू दे. घरी ये. याला भूक लागलीय.”