गजा आहे ना

गजानन चडफडत लिंबू पिळत होता. वसतिगृहाच्या त्या खोलीत दर रविवारची सकाळ अशीच उजाडायची. आदल्या रात्री खोलीतल्या जोडीदारानं, ऋतुराजनं, ढोसायची आणि यानं त्याची उलटी पुसायची, वर त्याच्या आईला खोटंही सांगायचं. सोड रे बाबा, म्हणून कानीकपाळी ओरडून घसा बसला, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

आज तर लिंबूपाण्याचे एकाचे दोन ग्लास झाले होते. शेजारच्या खोलीतला पहिल्या वर्षाचा पोरगा भिंतीला टेकून बसला होता. चेहरा पांढराफटक, शर्ट बरबटलेला.

"पुन्हा नको दादा," तो पुटपुटला.

"पहिल्यांदा होतंच रे असं," ऋतुराज अंथरुणातूनच म्हणाला. "पुढच्या शनिवारी बघ, काही होणार नाही. आणि घाबरतोस कशाला? आपला गजा आहे ना."

गजाननचा हात थांबला. दोन वर्षं त्याला वाटत होतं, आपण ह्याला सावरतोय.

त्यानं एक ग्लास त्या पोराच्या हातात दिला. दुसऱ्यासाठी ऋतुराजनं हात पुढे केला, तेव्हा गजाननने तो त्याच्यादेखत स्वतःच घटाघटा पिऊन टाकला.

तेवढ्यात ऋतुराजचा फोन वाजला. आईचा होता. अभ्यासिकेत गेलाय म्हण, अशी त्यानं नेहमीसारखी खूण केली.

गजाननने फोन उचलला. "काकू, तो अभ्यासिकेत नाही. कधीच नव्हता. थांबा, त्यालाच देतो."

मग फोन ऋतुराजच्या कानाला लावून तो म्हणाला, "बोल. गजा नाहीये."