अंगठ्यातला दोर

जाहिराती संपायच्या आतच बाबांची मान डुलायला लागली. साताऱ्याहून हॅम्बर्गला येऊन तीनच दिवस झाले होते. शरीर पोचलं होतं, झोप अजून मागून येत होती. थिएटरात शिरताना उर्जाने कौतुकाने लाह्यांचा पुडा हातात दिला, तर एक लाही तोंडात टाकून ते म्हणाले, "गोड? लाह्यांना साखर?" आणि पुडा परत तिच्याच मांडीवर ठेवला.

'रविवार आहे, एक पिक्चर बघू,' एवढंच तिने सांगितलं होतं. त्यात दोरावर चढणारी बाई मीच आहे, हे तीन दिवस ओठावर येत होतं आणि ती गिळत होती. सांगून ओळखलं तर त्यात काय राम? नऊ वर्षांपूर्वी तालीम सोडून तिने इंजिनिअरिंग धरलं, तेव्हा बाबा म्हणाले होते, "दोर सोडलास. विषय संपला." आणि खरोखरच संपवला. निम्म्या साताऱ्याच्या पोरींना दोरीचा मल्लखांब शिकवणारा माणूस, पण घरात दोर हा शब्द पुन्हा निघाला नाही. आता तिची डॉक्टरेट हातातोंडाशी आली होती. बाबा 'छान' म्हणाले होते. तिला ते छान नकोच होतं. त्यांनी तिला दोरावर ओळखावं, बस्स.

पडद्यावर धुकं होतं. धुक्यात तीस पुरुष आणि एक बाई, कमांडोंच्या प्रशिक्षणाला आलेली. गोष्ट २००७ सालची; जर्मन सैन्याने बायकांना लढाईची दारं उघडून सहाच वर्षं झाली होती, तेव्हा तिला तिथं कोण विचारतो! चिखल, बर्फगार पाणी, आणि दिवसभर ओरडणारा उस्ताद. शेवटची परीक्षा दोराची. दोनदा ती घसरली. उस्तादाने बोटाने फाटक दाखवलं. ते बोट कळायला जर्मन यायची गरज नव्हती, पण बाबा घोरत होते.

"बाबा, उठा ना!"

"जागाच आहे," बाबा डोळे मिटूनच म्हणाले.

बाई चिखलात बसून बूट काढायला लागली. ही सगळी उर्जाचीच करणी. सिनेमावाल्यांनी तिला युनिव्हर्सिटीच्या क्लाइंबिंग हॉलमधून उचललं होतं, कारण नटीला दोर जमेना. शूटिंगच्या दिवशी तिने दिग्दर्शकाला साफ सांगितलं, दोर पायाच्या अंगठ्यात धरतात, बुटात अंगठा कुठून आणू? त्यांनी प्रसंग बदलला. मग चढण्याआधी तिने दोराला हात लावून तो कपाळाला लावला, तालमीतल्या सवयीने, आणि नेमका कॅमेरा चालू! झालं. पुढचं मागचं जुळावं म्हणून बिचाऱ्या नटीलाही तो नमस्कार शिकावा लागला.

तीच निळ्या डोळ्यांची नटी आता पडदाभर दिसत होती. तिने दोराला हात लावला आणि कपाळाला लावला.

बाबा ताठ बसले.

मग चेहरा गेला आणि पाय आले. फिकट रंग फासलेले, पण उर्जाचे. स्वप्नात आपण आपल्यालाच लांबून बघतो, तसं तिला झालं. पाठ आपली, पाय आपले, श्वास मात्र त्या दुसरीचा. दोर धुक्यात वर वर जात होता आणि कुठं टांगलाय ते दिसतच नव्हतं. थिएटर, पाऊस, हॅम्बर्ग, सगळं खाली राहिलं होतं.

"गुडघा बाहेर!" बाबा खणखणीत मराठीत ओरडले.

पुढच्या रांगेतल्या आजींनी वळून "प्स्स्ट!" केलं. उर्जाचा जीव टांगणीला लागला. पण यावरून काय समजायचं? बाबा टीव्हीवर माकड चढताना दिसलं तरी त्याला गुडघा सांगायचे. तिने हळूच त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर पडद्याचा उजेड होता, बाकी काही नव्हतं. तिने नजर खाली नेली. परवाच घेतलेला नवा बूट बाजूला पडला होता आणि मोजा त्यात कोंबलेला होता. गालिच्यावर बाबांचा उघडा पाय. अंगठा आणि शेजारचं बोट त्यांनी घट्ट आवळून धरलं होतं.

बाईचा हात वरच्या तुळईला लागला. धुकं फाटून ऊन आलं, संगीत आलं आणि नावं सुरू झाली. लोक कोट चढवून निघाले. त्या आजीही गेल्या. शेवटून तिसऱ्या ओळीत उर्जाचं नाव बारीक अक्षरात येऊन गेलं, पण बाबांचा चष्मा खिशात होता.

ते उठले नाहीत.

"उतरताना दाखवत नाहीत?"

"नाही बाबा. इथंच संपतो."

"असा कसा संपतो? वर काय, कुणीही जातं. नीट खाली आली तीच खरी." हे वाक्य ऐकत तर ती लहानाची मोठी झाली होती. बाबा रिकाम्या पडद्याकडे बघत राहिले. मग तिच्याकडे न वळताच म्हणाले, "मग तू कशी उतरलीस?"

मांडीवरच्या पुड्यात हात घालून उर्जाने उगीच एक लाही चिरडली.

"दोरावरूनच," ती म्हणाली. "ते शिडी लावत होते. मी नको म्हटलं."

"आणि गुडघा?"

"उतरताना बाहेर होता, बाबा."

"हं," बाबा म्हणाले, आणि तेव्हा कुठे त्यांनी अंगठा सैल सोडला.