इंजिनाची पितळी मूठ

जावातल्या साखर कारखान्याच्या शेडमध्ये वार्तिना डबा घेऊन आली, तेव्हा तिचा मुलगा सुगितो जुन्या वाफेच्या इंजिनाची पितळी मूठ कानशीनं घासत होता. हीच मूठ धरून त्याचा बाप वाफेनं भाजून मेला होता. म्हणून तिनं लेकाला शपथ घातली होती, दुरुस्त कर, पण चालवायचं नाव काढू नकोस.

"पुन्हा झिजली?"

"तिसऱ्यांदा, आई. रोज पितळ भरून सपाट करतो, आणि सकाळी बोटांचे खड्डे हजर. इंजिन तर जागचं हललेलं नाही."

"मेला तरी त्याच्या हाताची खाज जाईना," ती फणकारली. हंगामाआधी इंजिनापुढे नैवेद्य म्हणून ठेवायचा पिवळा भात यंदा तिनं रागानं शिजवलाच नव्हता.

तिनं खड्ड्यांत बोटं घालून पाहिली. नवऱ्याचा पंजा फावड्याएवढा होता. हे खड्डे लांब, सडपातळ बोटांचे होते.

"तुझा हात ठेव बघू, चालवताना धरतात तसा."

"शपथ कुणी घातली?"

"ठेव म्हणते ना."

त्यानं ठेवला. पाचही बोटं अचूक बसली. अंगठ्याखालची झीज तर पंचवीस-तीस वर्षं रोज धरल्यावर पडते तितकी खोल होती.

सुगितोला नुकतंच बाविसावं लागलं होतं, आणि इंजिन त्यानं अजून एकदाही चालवलं नव्हतं.