नाडी शांत करणारा आवाज

दुपारी कुंपणाच्या दगडी गडग्याचे चिरे उचलताना मुरलीधरला फुरसं चावलं. दवाखान्यातली नवी लस एका सुईत विष उतरवायची, पण नाडी शांत असेल तरच. म्हणून मनगटाला पट्टा बांधला की यंत्र रोग्याला त्याच्या मोबाइलमधले ओळखीचे आवाज ऐकवायचं, आणि ज्या आवाजाने नाडी शांत होईल त्या माणसाला फोन लावायचं.

यंत्राने फोन लावला तो शैलाला. शेजारच्या शैलाला!

"मुरल्या, घाबरू नको रे," ती म्हणाली. पडद्यावरचा नाडीचा आकडा झरझर उतरला.

वीस वर्षं 'अहो' म्हणत आलेली त्याची बायको वैजयंती त्याच्या कानाशी वाकली. "मुरल्या..."

आकडा उसळला. लस थांबली.

"ताई, तुम्ही बाहेर थांबा," नर्स म्हणाली. "तुम्ही बोललात की यांची नाडी पळते."

फोनवर शैला चपापली. "वहिनी आहेत होय तिथे? मग मी ठेवते."

"ठेवलास तर याद राख," वैजयंती दबक्या आवाजात म्हणाली. "बोल ह्यांच्याशी."

बाहेर येऊन ती दाराच्या काचेतून बघत राहिली. आकडा पुन्हा उतरत होता. नवरा वाचणार होता. तरी तिला वाटलं, थोडा सावकाश उतरला असता तर काय बिघडलं असतं?