रिव्हॉल्वरचं घर

दाजींनी टेबलावरचं एक चष्म्याचं घर उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि सोबत आणलेल्या मित्राला म्हणाले, "बघ, हा आमच्या मेहुण्याचा कारखाना. बायका स्वेटर विणतात, हा चामडं विणतो."

मित्र हसला. दाजी कंपनीत सिक्युरिटी ऑफिसर होते आणि तो त्यांच्या हाताखाली होता, त्यामुळे त्याला हसावंच लागे. ताई दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. ती हसली नाही.

ताईच्या भावाला घरात सगळे धाकटा म्हणत. पाणीपुरवठा खात्यात तो नकाशे काढायचा आणि सुट्टीच्या दिवशी बाल्कनीतल्या टेबलावर चामडं शिवायचा. खालच्या शिवणकामवालीच्या कात्रीला त्यानं म्यान करून दिलं होतं, पोस्टमनला पिशवी. आता त्यानं कपाटातून दाजींची वस्तू काढली. रिव्हॉल्वरचं घर. गडद तपकिरी, पट्ट्यात ओवायचं, कडा घासून घासून आरशासारख्या केलेल्या.

दीड महिन्यापूर्वी ताई फोनवर एकच वाक्य बोलली होती, "जेवताना ते ताटाशेजारी ठेवतात." काय ठेवतात, हे धाकट्यानं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं दाजींना फोन केला आणि म्हणाला, तुमच्या रिव्हॉल्वरला झकास घर शिवून देतो. मग एका रविवारी जाऊन मापं घेतली, लाकडाचा साचा कोरला आणि भिजवलेलं चामडं त्यावर आवळून वाळवलं. साचा खऱ्या मापापेक्षा किंचित बारीक निघाला. नकाशे काढणाऱ्याच्या हातून अशी चूक सहसा होत नाही.

"शिवण वाकडी आहे," दाजी म्हणाले.

मित्रानं वाकून पाहिलं. "सरळ वाटते, साहेब."

"तुला काय कळतंय?"

मित्राला लगेच कळेनासं झालं.

"गोळ्या काढल्यात ना?" धाकट्यानं विचारलं.

"मला शिकवतोस? तू सुई सांभाळ." दाजींनी गोळ्या काढून खिशात टाकल्या, घर पट्ट्यात ओवलं आणि रिव्हॉल्वर त्यात सरकवलं. ते अर्ध्यावर अडलं.

"नवीन आहे. जोर लावा."

दाजींनी तळहातानं दाबलं. ते कच्चकन आत गेलं आणि बसलं. कपाटाच्या आरशासमोर दाजी एकदा या कुशीला वळले, एकदा त्या. पोट आत घेतलं. मित्राला म्हणाले, "आता बघ. चोर समोर आला, तर याला म्हणतात झटका."

त्यांनी झटका दिला. पट्टा वर आला, पँट वर आली, शर्ट बाहेर आला. रिव्हॉल्वर जागचं हललं नाही.

"थांब." दुसरा झटका. मग डाव्या हातानं घर धरून उजव्या हातानं ओढणं. मग एक पाय खुर्चीवर ठेवून. दाजींच्या कानशिलावर घाम आला. आरशातला माणूसही तेवढाच घामाघूम झाला होता, म्हणून त्यांनी आरशाकडे पाठ केली.

"साहेब, मी खालून धरू का?" मित्र म्हणाला आणि त्यानं खालून धरलं. दोघं मिळून खोलीभर एक गिरकी घेऊन आले. मित्राच्या तोंडून एक आवाज निघाला. तो त्यानं खोकल्यात घातला.

"हे काय केलंस रे?" दाजी ओरडले.

"चामडं आवळलंय थोडं. वापरून सैल होतं," धाकटा म्हणाला. "तुम्हाला तर रोजच लागतं. दोन्ही वेळा, जेवताना."

दाजींनी मान वळवून ताईकडे पाहिलं. एरवी त्या नजरेबरोबर ती उठून उभी राहायची. आज ती दाजींच्या बाहेर आलेल्या शर्टाकडे बघत होती, शेजारच्याचं पोर नाक न पुसता दारात उभं राहिलं की बघावं, तशी.

"पट्टा काढून ठेवा इथे. आठवड्यात सैल करून देतो," धाकटा म्हणाला.

"लायसन्सचं हत्यार दुसऱ्याच्या घरी ठेवता येत नाही, साहेब," मित्र हळूच म्हणाला.

"माहीत आहे मला!" दाजींनी शर्ट आत खोचला. तो घरावर अडकून पुन्हा बाहेर आला. "घरी जाऊन सुरीनं फाडतो हे. म्हणे कारागीर! चल गं."

"जपून फाडा. चामडं जाड आहे," ताई म्हणाली. "मी थांबते इथे."

"किती वेळ?"

"ते अजून ठरवलेलं नाही."

दाजी काहीतरी बोलणार होते. पण मित्र ऐकत होता आणि पट्टा पुन्हा वर सरकत होता. ते जिन्यावरून उतरू लागले. उजवा हात घराला घासू नये म्हणून त्यांनी तो शरीरापासून लांब धरला होता, काखेत गळू झाल्यासारखा.

धाकट्यानं दार लावलं. ताई बाल्कनीत गेली, त्याच्या स्टुलावर बसली आणि अर्धवट शिवलेला एक पट्टा तिनं पुढ्यात ओढला. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना एकेक सुई होती. एक तिनं उजव्या हातात घेतली, एक डाव्या.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. मग लांबलचक वाजला. मग थांबेचना. समोरच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं.

"ताई, ते तुला बोलावतायत," धाकटा म्हणाला.

"वाजवू दे, अंगठा दुखला की थांबतील," ताई म्हणाली. "आधी कुठली सुई घालायची, ते सांग."